रुग्णसुरक्षा, व्यवसाय-आरोग्यसेवेतील

कामाच्या स्वरूपामुळे वा कामाच्या जागेतील परिस्थितीमुळे कामगारांच्या आरोग्यावर जे परिणाम होतात, त्यांचा प्रतिबंध, निदान व उपचार करणाऱ्या वैद्यकीय सेवेस व्यवसाय-आरोग्यसेवा असे म्हणतात. ही सेवा चुकीच्या रीतीने, उशिरा वा अपुरी दिली गेल्यामुळे रुग्णास अनावश्यक अपाय झाला किंवा होण्याचा संभव निर्माण झाला, तर त्या प्रसंगास रुग्णसुरक्षा-घटना ही संज्ञा आहे. कामावर झालेला अपघात व रुग्णसुरक्षा-घटना या भिन्न गोष्टी होत. यंत्रात बोट सापडणे हा अपघात होय. त्या बोटाची जखम नीट न तपासता कामगारास पुन्हा यंत्रावर पाठविणे ही रुग्णसुरक्षा-घटना होय. पहिलीची नोंद कारखान्याच्या अपघात-नोंदवहीत होते. दुसरीची नोंद बहुधा कोठेच होत नाही. म्हणून अशा घटना हुडकून काढण्याच्या पद्धती हा या विषयाचा मुख्य भाग आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरण-आराखड्यात अशा घटनांचे ढोबळ प्रकार सांगितले आहेत. चूक घडली व रुग्णास अपाय झाला, ही अपायकारक घटना. चूक रुग्णापर्यंत पोहोचली, परंतु अपाय झाला नाही, ही निरपाय घटना. चूक रुग्णापर्यंत पोहोचण्यापूर्वीच लक्षात आली, ही थोडक्यात टळलेली घटना. यांखेरीज, अद्याप काही घडलेले नाही परंतु घडू शकेल अशी परिस्थिती, उदा., प्रथमोपचार-खोलीत मुदत संपलेली औषधे असणे, हीही नोंदण्यायोग्य मानतात. टळलेल्या घटना अपायकारक घटनांपेक्षा संख्येने पुष्कळ अधिक असतात व त्यांची कारणे बहुधा तीच असतात. त्यामुळे त्यांच्या अभ्यासाने कोणासही इजा न होता सेवेतील उणिवा कळून येतात.

इतिहास : कामगारांच्या रोगांचा पद्धतशीर विचार इटालियन वैद्य बेर्नार्दीनो रामात्सीनी (१६३३–१७१४) यांच्यापासून सुरू झाला असे मानतात. त्यांचा कारागिरांच्या रोगांवरील ग्रंथ १७०० मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णास त्याचा व्यवसाय विचारावा, हा त्यांनी वैद्यांना दिलेला सल्ला आजही व्यवसाय-वैद्यकाचा पाया समजला जातो. तो प्रश्न न विचारणे हे या शाखेतील चुकीच्या निदानाचे एक सामान्य कारण आहे.

उपचारांच्या परिणामांचा मागोवा घेण्याची कल्पना अमेरिकेतील बॉस्टन येथील शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन (१८६९–१९४०) यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मांडली. प्रत्येक रुग्णाची अखेरची स्थिती पाहून उपचार यशस्वी झाला की नाही व नसल्यास का, हे रुग्णालयांनी जाहीर करावे असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या हयातीत तो मान्य झाला नाही. १९५४ मध्ये जॉन फ्लॅनगन या मानसशास्त्रज्ञांनी, वैमानिकांच्या अभ्यासातून विकसित झालेली निर्णायक प्रसंगांच्या विश्लेषणाची पद्धत मांडली व ती पुढे वैद्यकातही आली. न्यूयॉर्क राज्यातील ५१ रुग्णालयांच्या १९८४ मधील सु. ३०,००० रुग्णलेखांच्या परीक्षणाचे निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत ३·७ टक्के रुग्णांना उपचारांमुळे अपाय झाल्याचे दिसून आले. १९९९ मध्ये अमेरिकेच्या वैद्यक संस्थेने तेथील रुग्णालयांत वैद्यकीय चुकांमुळे दरवर्षी ४४,००० ते ९८,००० मृत्यू होत असावेत असा अंदाज वर्तविला, तेव्हा या प्रश्नाकडे जगाचे लक्ष वेधले. २००२ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने रुग्णसुरक्षेविषयी ठराव केला आणि २०१९ पासून १७ सप्टेंबर हा जागतिक रुग्णसुरक्षा दिन म्हणून पाळला जातो. भारतात औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला, तर राष्ट्रीय रुग्णसुरक्षा अंमलबजावणी आराखडा २०१८–२५ या कालावधीसाठी तयार करण्यात आला. हा सर्व विचार प्रामुख्याने रुग्णालयांच्या संदर्भात झालेला आहे. कारखान्यातील दवाखान्याकडे त्यामानाने थोडे लक्ष गेले.

व्यवसाय-आरोग्यसेवेचे वेगळेपण : रुग्णालयात आलेला मनुष्य आजारी असतो व बरा होण्यासाठी आलेला असतो. व्यवसाय-आरोग्यसेवेकडे येणारा कामगार पुष्कळदा निरोगी असतो व नियमाने ठरलेल्या तपासणीसाठी आलेला असतो. येथील चुकीचा परिणाम तत्काळ दिसत नाही. सिलिकामय धुळीमुळे फुप्फुसात होणारा बदल किंवा गोंगाटामुळे येणारे बहिरेपण वर्षानुवर्षे वाढत असते. एका वर्षीच्या तपासणीतील दुर्लक्ष दहा वर्षांनी प्रकट होते आणि तोवर कामगार, कंत्राटदार व डॉक्टर हे तिघेही बदललेले असतात.

दुसरे वेगळेपण म्हणजे डॉक्टरची दुहेरी भूमिका. कारखान्याचा डॉक्टर कामगारावर उपचार करतो आणि तोच त्याला कामास योग्य वा अयोग्य ठरवितो. अयोग्य ठरल्यास रोजगार जाईल या भीतीने कामगार घेरी, अपस्मार, कमी ऐकू येणे, दम लागणे यांसारख्या तक्रारी लपवितो. अशा वेळी डॉक्टरने विचारले नाही व कामगाराने सांगितले नाही, या दोहोंच्या संगमातून घटना घडते. तिसरी गोष्ट अभिलेखांची. कंत्राटी कामगार एका कारखान्यातून दुसऱ्यात जातो तेव्हा त्याचे आरोग्यपत्रक त्याच्याबरोबर जातेच असे नाही. नव्या ठिकाणी त्याची पहिली तपासणी हीच आधारभूत धरली जाते व आधी झालेली हानी मूळचीच समजली जाते.

घटनांचे नमुने : व्यवसाय-आरोग्यसेवेत वारंवार संभवणाऱ्या काही घटना पुढीलप्रमाणे आहेत.

(१) निदानातील चूक : सिलिकोसिस हा रोग क्षय समजून क्षयाचे उपचार दीर्घकाळ देणे, हे याचे भारतातील परिचित उदाहरण आहे. दोन्ही रोगांत खोकला, दम व छायाचित्रातील डाग ही लक्षणे समान असतात. शिवाय सिलिकोसिस झालेल्यास क्षय होण्याचा धोकाही अधिक असतो, त्यामुळे गुंतागुंत वाढते. साखर कारखान्यात उसाच्या चोथ्याच्या, म्हणजे बगॅसच्या, साठवणीशी संबंधित कामगारास बुरशीयुक्त धुळीमुळे होणारा बगॅसोसिस हा फुप्फुसविकार दमा किंवा न्यूमोनिया म्हणून उपचारिला जाण्याचा संभव असतो. कामावर असताना त्रास होणे व सुटीत बरे वाटणे ही येथील महत्त्वाची खूण होय.

(२) तपासणीतील दोष : श्रवणमापन चाचणीपूर्वी कामगार काही तास गोंगाटापासून दूर असावा लागतो. पाळी संपताच चाचणी घेतल्यास तात्पुरता बधिरपणा कायमचा म्हणून नोंदला जातो. याउलट प्रत्येक वर्षीचा आलेख सुटा वाचला आणि पूर्वीच्या आलेखाशी ताडून पाहिला नाही, तर ४,००० हर्ट्झच्या आसपास हळूहळू वाढणारी श्रवणहानी सुटून जाते. श्वसनमापनात कामगाराने पुरेशा जोराने फुंकर घातली नाही, तर निरोगी फुप्फुस रोगी भासते. सेंद्रिय फॉस्फरस वर्गातील कीटकनाशकांशी संबंध येणाऱ्या कामगारांच्या रक्तातील कोलिनेस्टरेजाचे प्रमाण कामास लागण्यापूर्वी मोजलेले नसेल, तर नंतरच्या आकड्याचा अर्थ लावता येत नाही.

(३) निष्कर्ष पुढे न जाणे : चाचणी झाली, दोष आढळला, परंतु अहवाल धारिकेतच राहिला, ही घटना सर्वांत सहज घडते व सर्वांत कमी नोंदली जाते. बॅटरी कारखान्यातील कामगाराच्या रक्तात शिसे वाढल्याचा अहवाल कामगारास व पर्यवेक्षकास कळला नाही, तर चाचणी न केल्यासारखीच ठरते.

(४) प्रथमोपचारातील चूक : धातू घासताना डोळ्यात गेलेला कण बाहेरून दिसत नाही म्हणून थेंब घालून कामगारास परत पाठविणे हे याचे उदाहरण आहे. वेगाने उडालेला लोखंडी कण बुबुळ भेदून आत गेलेला असू शकतो आणि तो आत राहिल्यास डोळा गमावण्याची वेळ येते. अशा प्रसंगी क्ष-किरण तपासणी आवश्यक असते.

(५) अनावश्यक उपचार : गरज नसलेली औषधे, तपासण्या वा शस्त्रक्रिया यांचाही समावेश रुग्णसुरक्षा-घटनांत होतो. यातील अपाय बहुधा उशिरा लक्षात येतो, कारण रुग्णाला उपचार मिळाल्याचे समाधान असते.

शोधाच्या पद्धती : कोणत्याही एका पद्धतीने सर्व घटना सापडत नाहीत, प्रत्येक पद्धतीला वेगळ्या प्रकारच्या घटना दिसतात.

स्वेच्छा-निवेदन या पद्धतीत डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माता किंवा सुरक्षा-अधिकारी स्वतःहून घटना कळवितो. ही पद्धत स्वस्त असून टळलेल्या घटना मुख्यतः हिच्यामुळेच कळतात. निवेदन करणाऱ्यास शिक्षा होणार नाही, त्याचे नाव उघड होणार नाही आणि निवेदनाचे फलित त्यास कळविले जाईल, या तीन अटी पाळल्या नाहीत तर निवेदने थांबतात. निवेदनांची संख्या घटणे हे सुरक्षितता वाढल्याचे चिन्ह नव्हे. ते भीतीचेही चिन्ह असू शकते.

अभिलेख-परीक्षणात सूचक खुणांचा उपयोग करतात. सर्व रुग्णलेख वाचणे शक्य नसते, म्हणून ज्यांत विशिष्ट खूण आढळते तेवढेच लेख तपासतात. कारखान्याच्या दवाखान्यासाठी उपयुक्त खुणा अशा : एकाच तक्रारीसाठी आठवड्यात तीनदा भेट; किरकोळ म्हणून नोंदलेल्या जखमेनंतर रुग्णालयात दाखल होणे; योग्यतेचा दाखला दिल्यानंतर थोड्याच दिवसांत कामावर घेरी येणे; लागोपाठच्या दोन वार्षिक तपासण्यांतील निष्कर्षांत मोठा फरक; तसेच अहवालाची तारीख व रुग्णास कळविल्याची तारीख यांतील दीर्घ अंतर.

नोंदवह्यांची परस्पर पडताळणी ही व्यवसाय-आरोग्यसेवेत विशेष फलदायी पद्धत होय. हजेरीपट, रजेचा पट, अपघात-नोंदवही, दवाखान्याची बाह्यरुग्ण-नोंदवही व औषध-वाटपाची वही या एरवी वेगवेगळ्या खात्यांकडे असतात. अपघात-नोंदवहीत नसलेली जखम दवाखान्याच्या वहीत सापडणे, किंवा एकाच विभागातील कामगारांना वेदनाशामक गोळ्या सतत दिल्या जाणे, या गोष्टी वह्या शेजारी ठेवल्यावरच दिसतात.

रुग्णांच्या मुलाखती व तक्रारी यांवरून अभिलेखांत न आलेल्या गोष्टी कळतात : उदा., संमती कशी घेतली, पर्याय सांगितले होते काय, अहवाल हाती दिला काय. सांख्यिकीय तुलनेत एखाद्या समूहातील उपचाराचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येतील प्रमाणाशी ताडून पाहतात. हिच्यामुळे एकेका रुग्णाच्या बाबतीत सामान्य वाटणारी गोष्ट समूहात असामान्य असल्याचे उघड होते. मात्र तुलनेने संशय निर्माण होतो, पुरावा नव्हे. पुढे प्रत्येक प्रकरणाचे परीक्षण करावेच लागते.

बारामती व इंदापूर परिसर : पुणे जिल्ह्याच्या आग्नेय भागातील हे दोन तालुके व्यवसाय-आरोग्यसेवेच्या बहुतेक सर्व प्रश्नांचा एकत्र नमुना आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डावा कालवा आल्यापासून येथे ऊस पिकू लागला. इंदापूर तालुक्यात वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांच्या नावाने वसलेल्या वालचंदनगर येथे साखर कारखाना व पुढे अवजड यंत्रांची निर्मिती सुरू झाली. स्वातंत्र्योत्तर काळात बारामती तालुक्यात माळेगाव व सोमेश्वरनगर, तर इंदापूर तालुक्यात भवानीनगर, बिजवडी व शहाजीनगर येथे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत वाहने, घडीव लोखंडी भाग, दुग्धपदार्थ व खाद्यपदार्थ यांचे कारखाने आहेत. इंदापूर तालुक्यात लोणी देवकर येथे औद्योगिक क्षेत्र असून भिगवणजवळ कागदनिर्मिती होते. बारामतीत सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय असून २०१९ पासून तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे.

या परिसरात आरोग्यसेवेच्या दृष्टीने कामगारांचे तीन स्तर पडतात. मोठ्या कारखान्यांतील कायम कामगारास कारखान्याचा डॉक्टर, वार्षिक तपासणी व विमा मिळतो. कंत्राटी कामगाराची तपासणी होते, परंतु तिचा पाठपुरावा अनिश्चित असतो. तिसरा स्तर ऊसतोड कामगारांचा. साखर कारखान्याचा गळीत हंगाम साधारणपणे ऑक्टोबर–नोव्हेंबर ते मार्च–एप्रिल असा चालतो. त्यासाठी बीड व मराठवाड्यातील इतर जिल्ह्यांतून, तसेच अहिल्यानगर जिल्ह्यातून टोळ्या येतात. पती-पत्नीची जोडी मिळून एक ‘कोयता’ समजला जातो. मुकादमामार्फत हंगामापूर्वी ‘उचल’ दिली जाते आणि तोडलेल्या उसाच्या वजनावर ती फेडली जाते. कामावर न गेल्यास ‘खाडा’ धरून पैसे कापले जातात. राहण्यास फडाजवळ पाचटाच्या वा ताडपत्रीच्या कोप्या असतात. पाणी व शौचालय यांची सोय अपुरी असते.

या तिसऱ्या स्तरासाठी संघटित व्यवसाय-आरोग्यसेवा अशी जवळजवळ नाहीच. कर्मचारी राज्य विमा अधिनियम, १९४८ मधून हंगामी कारखाने वगळलेले होते व हंगामी कारखान्यांच्या व्याख्येत साखर व गूळ यांच्या निर्मितीचा स्पष्ट उल्लेख होता. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही विम्याची तरतूद हंगामी कारखाना सोडून इतर आस्थापनांना लागू केलेली आहे. त्यातून ऊसतोड कामगार कारखान्याच्या पटावर नसून मुकादमाच्या टोळीत असतो. परिणामी कापल्याची जखम, सर्पदंश, पाठीचे दुखणे, मूत्रमार्गाचे विकार व स्त्रियांचे विकार यांसाठी तो जवळच्या खाजगी डॉक्टरकडे जातो किंवा दुखणे अंगावर काढून हंगाम संपल्यावर गावी उपचार घेतो. आजाराचे कारण एका जिल्ह्यात, उपचार दुसऱ्या जिल्ह्यात व परिणाम तिसऱ्या ठिकाणी, अशी ही विभागणी असते. बारामतीच्या वा इंदापूरच्या कोणत्याही नोंदवहीत त्या रुग्णाची गोष्ट पूर्ण सापडणे शक्य नसते.

ऊसतोड स्त्रियांवरील शस्त्रक्रिया : उपर्युक्त विभागणीमुळे घटना किती काळ अदृश्य राहू शकते, याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण म्हणजे बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांवर झालेल्या गर्भाशयोच्छेदनाच्या शस्त्रक्रिया. एप्रिल २०१९ मध्ये वृत्तपत्रांतून या गोष्टीस वाचा फुटली व राष्ट्रीय महिला आयोगाने राज्य शासनास नोटीस दिली. जून २०१९ मध्ये विधिमंडळात देण्यात आलेल्या माहितीनुसार बीड जिल्ह्यातील खाजगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशयोच्छेदने झाली होती. त्यानंतर विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. या चौकशीच्या निमित्ताने जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांचे सर्वेक्षण झाले व त्यांपैकी १३,८६१ जणींचे, म्हणजे सु. १७ टक्के किंवा दर सहा स्त्रियांमागे एकीचे, गर्भाशय काढले गेल्याचे आढळले. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ या वयोगटातील भारतीय स्त्रियांत हे प्रमाण सु. ३ टक्के होते.

वरील दोन आकडे शोधाच्या दोन पद्धतींची फळे आहेत. ४,६०५ हा आकडा रुग्णालयांच्या नोंदींतून आला. तो ठराविक काळातील व सर्व व्यवसायांतील स्त्रियांचा आहे. रुग्णाचा व्यवसाय वेगळा काढल्याखेरीज त्यावरून ऊसतोड स्त्रियांविषयी काही सांगता येत नाही. १३,८६१ हा आकडा स्त्रियांना विचारून मिळाला. त्यात शस्त्रक्रिया केव्हा व कोठे झाली याची मर्यादा नाही, परंतु व्यवसाय निश्चित आहे. पहिल्या पद्धतीने रुग्णालये तपासता येतात, दुसरीने धोका कोणत्या समूहास आहे ते कळते. राष्ट्रीय प्रमाणाशी केलेली तुलनाही जपून करावी लागते, कारण दोन्ही समूहांतील स्त्रियांची वये सारखी असतीलच असे नाही. तरीही एवढा मोठा फरक केवळ वयाच्या भेदाने स्पष्ट होणे कठीण आहे.

शस्त्रक्रिया अनावश्यक होती किंवा कसे, हे ठरविण्यासाठी प्रत्येक रुग्णलेखातून पुढील गोष्टी पाहाव्या लागतात : शस्त्रक्रियेचे नोंदलेले कारण, ध्वनिलहरी-चित्रण व गर्भाशयमुखाची तपासणी झाली होती काय, औषधोपचार आधी करून पाहिले होते काय, काढलेल्या ऊतीचा सूक्ष्मदर्शकीय अहवाल निदानाशी जुळतो काय, अंडाशय काढले वा ठेवले, आणि संमतीपत्र रुग्णास समजेल अशा भाषेत होते काय. अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे व अतिरिक्त रक्तस्राव या तक्रारींपैकी पुष्कळशा औषधांनी बऱ्या होऊ शकतात. ‘पिशवी’ न काढल्यास कर्करोग होईल, अशी भीती घातल्याचे अनेक स्त्रियांनी सांगितले. तरुण वयात अंडाशयांसह गर्भाशय काढल्यास रजोनिवृत्तीची लक्षणे तत्काळ सुरू होतात, हाडे ठिसूळ होऊ लागतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. अंडाशय ठेवले तरी रजोनिवृत्ती अकाली येण्याचा संभव असतो. उसाची मोळी डोक्यावर वाहणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत हा परिणाम तिच्या उपजीविकेवरच होतो.

या प्रकरणात एकट्या डॉक्टरच्या निर्णयाकडे पाहून कारणमीमांसा पूर्ण होत नाही. फडावर पाणी व शौचालय नसल्याने जंतुसंसर्ग वारंवार होतो; खाडा परवडत नसल्याने उपचार पुढे ढकलले जातात; पाळीच्या दिवसांतही काम थांबविता येत नाही; हंगाम सुरू होण्यापूर्वी दुखण्याचा कायमचा निकाल लागावा असे कुटुंबास वाटते; आणि सार्वजनिक रुग्णालय दूर व गर्दीचे असल्याने खाजगी रुग्णालय गाठले जाते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस मांडलेल्या सिद्धांतानुसार, मोठा अपाय एका चुकीने होत नसून संरक्षणाच्या अनेक थरांतील भोके एका रेषेत आल्यामुळे होतो. येथे सर्व थर एकाच वेळी उघडे होते.

शोधानंतरची कार्यवाही : प्रकरण उघड झाल्यावर बीड जिल्ह्यात खाजगी रुग्णालयांनी गर्भाशयोच्छेदनापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी, असा निर्बंध घालण्यात आला. बिहार, छत्तीसगड व राजस्थान या राज्यांतील अशाच शस्त्रक्रियांविषयीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी निर्णय दिला. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने अनावश्यक गर्भाशयोच्छेदन टाळण्यासाठी २०२२ मध्ये तयार केलेली मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी तीन महिन्यांत स्वीकारावीत, असे त्यात सांगितले आहे. या तत्त्वांनुसार राष्ट्रीय, राज्य व जिल्हा पातळींवर संनियंत्रण समित्या नेमावयाच्या असून त्यांनी वय व मृत्यू यांबरोबरच रुग्णाच्या व्यवसायाचीही माहिती गोळा करावयाची आहे. व्यवसायाचा हा रकाना महत्त्वाचा आहे, कारण तो भरला गेल्यासच अशा घटनेचा कामाशी असलेला संबंध नेहमीच्या नोंदींतून दिसू शकतो. महाराष्ट्रात खाजगी रुग्णालयांची नोंदणी महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ खाली होते. त्याखालील नियमांत २०२१ मध्ये झालेल्या सुधारणांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागी लावणे आवश्यक केले आहे.

कारखान्यांच्या बाबतीत कारखाने अधिनियम, १९४८ अन्वये प्रमाणक शल्यचिकित्सकांची नेमणूक, धोकादायक प्रक्रियांतील कामगारांची वैद्यकीय तपासणी आणि विशिष्ट व्यवसायजन्य रोगांची सूचना देण्याची सक्ती या तरतुदी होत्या. हा अधिनियम व इतर काही कायदे यांची जागा घेणारी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. तिच्या तिसऱ्या अनुसूचीत २९ अधिसूच्य रोग असून त्यांत शिशाची विषबाधा, सिलिकोसिस व गोंगाटजन्य बहिरेपणा यांचा समावेश आहे. असा रोगी आढळल्यास उपचार करणाऱ्या डॉक्टरनेही तो कळवावयाचा असतो. मात्र रोगाची सूचना देणे आणि सेवेतील चूक कळविणे या भिन्न गोष्टी होत. पहिलीवरून दुसरीचा माग काढता येतो : रोग प्रथमच व प्रगत अवस्थेत कळविला गेला असेल, तर आधीच्या वार्षिक तपासण्यांत तो का दिसला नाही, हा प्रश्न विचारणे क्रमप्राप्त ठरते.

घटना सापडल्यावर दोषी व्यक्ती शोधण्यापेक्षा क्रम शोधणे अधिक उपयुक्त असते. काय घडले, नेहमी काय घडते, काय घडावयास हवे होते व अंतर का पडले, या चार प्रश्नांची लेखी उत्तरे तयार करतात. प्रामाणिक चूक, धोका पत्करण्याची सवय व हेतुपुरस्सर केलेला गैरप्रकार यांत भेद करावा लागतो. पहिलीस साहाय्य, दुसरीस समज व तिसऱ्यास शिक्षा, हे तत्त्व सर्वसाधारणपणे मान्य आहे. रुग्णास झालेली गोष्ट स्पष्टपणे सांगणे व झालेल्या हानीवर पुढील उपचार देणे हा कार्यवाहीचा अविभाज्य भाग होय.

स्थलांतरित कामगारांच्या बाबतीत आरोग्यपत्रक कामगाराच्याच हाती असणे, हंगामाच्या आरंभी व अखेरीस एकाच नमुन्यात तपासणी होणे, आणि कामाच्या जिल्ह्यातील नोंदी मूळ जिल्ह्यातील आरोग्य यंत्रणेस मिळणे, या तीन गोष्टी शोधासाठी आवश्यक आहेत. बारामती व इंदापूर येथे हंगामात होणाऱ्या भेटींची नोंद बीडमधील शस्त्रक्रियेच्या नोंदीशी जोडली गेली, तर एखाद्या स्त्रीने त्याच तक्रारीसाठी पूर्वी किती वेळा व कोणते उपचार घेतले होते, हे शस्त्रक्रियेपूर्वीच कळू शकते. त्यावरून शस्त्रक्रियेची गरज तपासता येते आणि अपाय होण्यापूर्वी तो टाळता येतो.